ग्रँड परमिशनची दहावी शर्यत

आमच्या गावच्या खंडेरावाच्या यात्रेतली मानाची शर्यत यंदा नथ्थूच्या वरातीच्या घोडीने जिंकली. एका मानेने जिंकली. तिने ज्याला हरवलं तो घोडा पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर सात वेळा पहिला आलेला होता.

असं काही झालेलं नाही. वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेलाच नाही असं समजा. गावात कुणालाही विचारा, शर्यत हिलाल आबांच्या घोड्याने जिंकली, दरवर्षीसारखीच. घोडी? कुठली घोडी? नथ्थूकडे घोडी आहे हेच अर्ध्या गावाला आता आठवत नाही, आणि त्या अर्ध्या गावातले निम्मे पुरुष तिच्यावरच बसून लग्नाला गेलेले आहेत.

आमचं गाव नरडाण्याहून शिंदखेड्याकडे जाताना डाव्या हाताला लागतं. तुम्ही त्या वेळी उजवीकडे बघत असाल तर काही बिघडत नाही. गावात बघण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझे चुलते हिलाल आबा, आणि तेही बघायला कुणी असल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

मानाच्या शर्यतीत पाच घोडे पळतात. पाटाच्या फाटकापासून सुटायचं आणि देवळापुढच्या निशाणापाशी संपवायचं. वाटेत, निशाणाच्या शंभरेक पावलं अलीकडे, एक लिंब आहे. लिंबापर्यंत ज्याला जसं जमेल तसं त्याने पळावं. लिंबापाशी आलं की चौघांनी लगाम ओढायचे, बाजूला सरायचं आणि पाटलांच्या, म्हणजे आबांच्या, घोड्याला वाट द्यायची. आबांच्या आजोबांपासून हे असंच चालत आलंय. याला गावात ‘लिंब धरणं’ म्हणतात. चौघांनी लिंब धरला की निशाणापाशी बँड सुरू होतो, कारण पुढे काय होणार हे ठरलेलं असताना बँडवाल्यांना उन्हात ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. मग आबांचा घोडा येतो, आबांना फेटा बांधतात, बारागाड्या ओढण्याआधीचा पहिला नारळ आबा फोडतात, आणि बाकीचे चौघे धापा टाकायचं नाटक करत मागून येतात. त्यातला एक जण दरवर्षी लंगडतो. त्याचं सगळे कौतुक करतात.

सवय शर्यतीपुरती राहिली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण आबा कॅरमला बसले की समोरच्याला अचानक राणी दिसेनाशी होते. आबांनी विनोद सांगायला घेतला की लोक अर्ध्यातच हसून मोकळे होतात, त्यामुळे आबांना स्वतःच्या एकाही विनोदाचा शेवट नीट येत नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर आबा गंमत म्हणून उभे राहिले तर दुकानदार काट्याकडे न बघता सांगतो, “आबा, बारीक झालात.” असं साठ वर्षं ऐकलेला माणूस आरशावर विश्वास ठेवत नसेल तर त्यात आरशाचा दोष नाही.

तर या माणसाला एक दिवस प्रश्न पडला. तो त्याचा त्याला पडला असता तर जगात काही चांगलं शिल्लक आहे असं मी मानलं असतं. तो पाडला पितांबर शेठनी.

पितांबर शेठ म्हणजे आबांचे व्याही. जळगावला त्यांची डाळमिल आहे, आणि दरवर्षी पुण्याचा सीझन सुरू झाला की ते महिनाभर डाळमिल मुलाच्या हाती देऊन रेसकोर्सवर जाऊन बसतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे नातवाचं जावळ होतं. पंगतीत भरीत, कळण्याची भाकरी, सगळं यथासांग चालू होतं. आबा नेहमीप्रमाणे घराण्याच्या घोड्यांबद्दल सांगत होते. आमचा घोडा कधीही दुसरा आलेला नाही, वगैरे. पितांबर शेठ भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “व्याही, एक विचारू का? तुमचा घोडा पहिला येतो, का गाव दुसरं येतं?”

पंगतीत कोणीतरी हसलं. आमच्या गावात हे झालं नसतं. आमच्या गावात हसण्याआधी लोक आबांकडे बघतात.

परतीच्या वाटेवर मी सोबत होतो; एरंडोलपर्यंत आबा मैलाचे दगड मोजत होते. पारोळ्याला म्हणाले, “भूषण, तो मला हसला का रे?”

“नाही आबा. ठसका लागला असेल.”

म्हणजे मीही लिंब धरला. आबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला पहिल्यांदाच वाटलं, या माणसाला डोकं असावं आणि ते इतकी वर्षं कुणी वापरू दिलं नसावं.

धुळ्याच्या अलीकडे ते म्हणाले, “मला एकदा खरंखरं पहिलं यायचंय. एकदाच. मग मेलो तरी चालेल.”

मी म्हटलं, “आबा, तुम्ही पहिलेच आहात.”

“तू गप बस,” आबा म्हणाले.

मग त्यांनी पितांबर शेठनाच फोन लावला आणि सांगितलं, मला असा घोडा बघून द्या की ज्याला जिंकायला कुणाच्या मेहरबानीची गरज नाही. असा घोडा मिळतो. पुण्यात सगळं मिळतं.

त्याचं नाव ग्रँड परमिशन. वय चार वर्षं, रंग तांबूस, अंगावर एक पांढरा केस नाही. थरोब्रेड जातीच्या घोड्यांची वंशावळ रेसकोर्सवरच्या लोकांना तोंडपाठ असते, स्वतःच्या आजीचं नाव विचारलं तर मात्र ते बायकोकडे बघतात. ग्रँड परमिशनचा बाप कुठल्याशा थंड देशातला, आई इथलीच, पण तिची आई पुन्हा थंड देशातली. तो नऊ शर्यती पळला. पहिलीत चिखल होता म्हणून त्याने लक्ष घातलं नाही. दुसरीपासून त्याने जे सुरू केलं त्याच्यावर रेसकोर्सचे लोक जीव टाकत. तो मागे राहायचा. शेवटच्या वळणापर्यंत असा मागे राहायचा की पैसे लावलेली माणसं देवाला आणि मग ट्रेनरला शिव्या घालायची. वळण संपलं की पुढच्यांच्या पाठी त्याला डाचायला लागत. मग एकेक पाठ संपवत तो निशाणापाशी सगळ्यांच्या एक नाक पुढे. नाकापेक्षा जास्त कधी नाही. गरजेपेक्षा जास्त पळणं त्याला कमीपणाचं वाटत असावं. अशा सात शर्यती त्याने जिंकल्या, त्यात एक मोठा चांदीचा कपही होता. तो कप मालकाने घेतला. घोड्याला गाजर मिळालं.

नवव्या शर्यतीत त्याच्या पायाची शीर दुखावली. सहा महिन्यांत पाय बरा झाला, पण तोवर मालकाचं मन दुसऱ्या घोड्यावर बसलं होतं. चॅम्पियन म्हणजे काय, तर ज्याला विकताना लोक जरा खालच्या आवाजात बोलतात.

ट्रक गावात आला तेव्हा सगळं गाव जमलं. किंमत किती ते आबांनी कुणालाच सांगितलं नाही, त्यामुळे गावात प्रत्येकाला ती माहीत होती. नथ्थू तज्ज्ञ म्हणून पुढे झाला. त्याने घोड्याच्या कपाळावरचे भोवरे पाहिले, शेपूट उचलून पाहिली, दात पाहिले आणि विचारलं, “नाचस का?”

“पळतो,” आबा म्हणाले.

“ते शे. पण नाचस का?”

“नाचत नाही. पळतो.”

नथ्थूने सभ्यपणे मान हलवली. मुलगा इंजिनियर झाला पण नोकरी नाही असं कुणी सांगितल्यावर हलवतात तशी. सारंगखेड्याच्या बाजारात पांढरा घोडा खाटेवर चढून नाचतो, आणि आबांनी पुण्याहून एक किडकिडीत तांबडं जनावर आणलं होतं ज्याला फक्त पळता येत होतं. पळायला गावात सगळ्यांनाच येतं, असं लोकांचं मत पडलं. गावाने दोन दिवसांत त्याचं नाव नुसतं ‘परमिशन’ केलं. आबांनी गोठ्यात कूलर बसवला. घोड्यापेक्षा तो कूलर बघायला जास्त लोक यायचे.

स्वार म्हणून आबांनी प्रशीलला गाठलं. प्रशील गावातल्या बौद्धवाड्यातला. पुण्याच्या एका तबेल्यात सहा-सात वर्षं घोडे फिरवून तो परत आला होता आणि आता नरडाण्याच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात होता. त्याला मानाच्या शर्यतीबद्दल काडीचाही आदर नव्हता. आबांनी विचारलं, बसशील का? तो म्हणाला, “रविवारी असेल तर बसतो. रजा मात्र टाकणार नाही.” यात्रा रविवारी होती. इतक्या वर्षांत मानाच्या घोड्यावर गावाने बौद्धवाड्यातलं माणूस बसू दिलं नव्हतं. यंदा कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत आबांपुढे घ्यावी लागली असती.

सराव पाटाच्या कडेने चालायचा. परमिशन एकटा पळत नसे. दोन पावलं टाकायचा आणि आजूबाजूला बघत उभा राहायचा, लग्नात चुकीच्या मांडवात आलेल्या पाहुण्यासारखा. मग प्रशीलने आपल्या एका मित्राची मोटारसायकल पुढे लावली. मोटारसायकल सुटली की मागून परमिशन सुटायचा, तिच्या धुराच्या मागे मागे राहायचा, आणि शेवटच्या टप्प्यात असा काही निघायचा की मोटारसायकलवाला एकदा पाटात पडला.

“याला पुढचा दिसला की राहवत नाही,” प्रशील म्हणाला.

“माझ्यावर गेलाय,” आबा म्हणाले.

आबांच्या पुढे आजवर कोणी गेलेलं नसल्यामुळे हे तपासायची सोय नव्हती.

आता हे सगळं आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर होत होतं. घोड्याला पुढे पळणारा लागतो, हे पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनाही कळत होतं. आणि मानाच्या शर्यतीत लिंबापासून पुढे कोणीच पळत नाही, हे जन्मल्यापासून माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात असं एकाही माणसाच्या मनात आलं नाही. त्यात मी आलो. प्रशीलही आला. त्याला वाटत होतं, घोडे शर्यतीत पळतात.

यात्रेच्या आठवड्यात आबांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर लोकांना बोलावलं आणि सांगितलं, “यंदा कुणी लिंब धरायचा नाही. ज्याला जेवढं पळता येईल तेवढं पळा. मला हरवता आलं तर हरवा. फेटा आणि नारळाचा मान त्याचा.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. मग हळूहळू लोकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि आबांना वाटलं आपलं म्हणणं पोचलं.

पोचलं ते वेगळंच. आबा घरी गेल्यावर रुपचंद सरांनी, म्हणजे हायस्कूलमधले मराठीचे सर आणि यात्रेचे कायमचे निवेदक, सगळ्यांना समजावून सांगितलं की ही परीक्षा आहे. मोठी माणसं अशी परीक्षा घेतात. आजवर लगाम ओढला तो रिवाज म्हणून. यंदा रिवाज नसताना कोण ओढतो, ते आबांना बघायचं आहे.

“मंग काय करानं?” एकाने विचारलं.

“यंदा लिंबाच्या जरा आधीच थांबा,” सर म्हणाले.

पाचवा घोडा मिळत नव्हता. वर्षागणिक गावात घोडे कमी आणि ट्रॅक्टर जास्त झालेत. आबांचा धरून चार जमले. पाच झाल्याशिवाय मानाची शर्यत होत नाही, म्हणून संख्या भरायला नथ्थूची मैना घेतली. मैना पांढरी, वयस्क, पोटाने थोर. शिंदखेड्यापासून दोंडाईच्यापर्यंतचे नवरदेव तिने पोचते केले आहेत. वरातीच्या घोडीला एक गोष्ट शिकवलेली असते. बँड वाजला आणि वरून लगाम ओढला की नाचायचं. लगाम जितका ओढाल तितके पाय वर. आणि तोंड नेहमी बँडकडे.

हेही सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावाला माहीत नसलेली अशी गोष्टच नाही. म्हणून तर गावाची ही अवस्था आहे.

रविवारी सकाळी पितांबर शेठ जळगावहून येणार होते. आबांनी त्यांच्यासाठी निशाणाशेजारी खुर्ची मांडून ठेवली होती, तिच्यावर टॉवेल टाकून. नऊ वाजता फोन आला की डाळमिलचा बॉयलर बिघडला, येता येत नाही, निकाल कळवा. आबांनी खुर्चीवरचा टॉवेल काढला, घडी केली आणि पुन्हा टाकला.

पाच घोडे सुटले. तीन पुढे, त्यांच्या मागे परमिशन, आणि फार मागे मैना, जिच्यावर बसून नथ्थू कुणाशी तरी मोबाइलवर मे महिन्यातल्या तारखेचं बोलत होता. पहिल्या टप्प्यात काही वावगं दिसलं नाही. परमिशन त्या तिघांच्या धुळीत आरामात चालला होता, मान खाली, कान मागे. शेजारी आबा उभे होते. मी त्यांना इतकं आनंदी कधी बघितलं नव्हतं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, “बघ, मागे आहे. बघ, खरोखर मागे आहे.”

लिंबाच्या जरा आधी तिघांनी लगाम ओढले. शिस्तीत ओढले, बाजूला सरले, तीनही स्वारांनी छातीवर हात ठेवून वाट दिली. मोकळी वाट, पुढे निशाण, निशाणापाशी आबा.

परमिशन थांबला.

त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नऊ शर्यतींत त्याने एवढंच पाहिलं होतं की सगळे घोडे जोरात पळतात आणि शेवटी सगळे एकदम हळू होतात, म्हणजे शर्यत संपली. इथेही सगळे हळू झाले. तो रीतसर हळू झाला, थांबला, आणि बादली व पाठीवरचं कांबळं येईल म्हणून वाट बघू लागला. कांबळं येईना तेव्हा त्याने लिंबाखालचं गवत हुंगलं. प्रशील टाचा मारत होता, ओरडत होता, “अरे पळा ना कोणीतरी, पुढे पळा.” तिघा स्वारांनी ऐकलं नाही. त्यांच्या दृष्टीने परीक्षा चालू होती आणि पेपर चांगला जात होता.

आणि तिघांनी लगाम ओढले म्हणून, रिवाजाप्रमाणे, बँड सुरू झाला.

मागून मैना आली. तिने कान टवकारले. नथ्थूने आधी मोबाइल खिशात टाकला, मग समोर पाहिलं, मग त्याला कळलं की आपण आबांच्या घोड्याच्या पुढे जाणार आहोत. त्याने जीव खाऊन लगाम ओढला. मैनेने दोन्ही पाय वर घेतले आणि नाचायला लागली. त्याने आणखी ओढला. ती आणखी चांगली नाचली. चौघा उभ्या घोड्यांमधून ती अशी मिरवत गेली की वाटेत एका म्हातारीने सवयीने नथ्थूच्या अंगावर अक्षता टाकल्यासारखा हात केला. नथ्थू वरून रडकुंडीला येऊन म्हणत होता, “आबा, मी नही. आबा, हाई घोडीच शे.”

मैना नाचत नाचत निशाणाकडे निघाली. निशाण दहा-बारा पावलांवर राहिलं तेव्हा परमिशनने गवतातून डोकं वर केलं. पुढे एक पाठ होती. पांढरी, रुंद, हलत जाणारी पाठ. झालं. त्याच्या अंगात जे काही पुण्यात भरलं होतं ते सगळं एका क्षणात जागं झालं. मी रेसकोर्स पाहिलेलं नाही, पण त्या शंभरेक पावलांत मला कळलं की लोक डाळमिल मुलाच्या हाती देऊन तिथे का बसतात. जमिनीला पाय लागत होते की नाही कोण जाणे. आबांनी माझा दंड पकडला तो आठवडाभर निळा होता. फार थोडं कमी पडलं. दहा पावलं आणखी असती तर. पण निशाण जिथे होतं तिथेच होतं, आणि मैनेची मान त्याच्या मानेच्या पुढे होती.

परमिशन तसाच बँडमधून गेला. क्लॅरनेटवाला एका बाजूला, ढोल दुसऱ्या. प्रशीलला तो थेट नरडाणा स्टेशनाच्या अलीकडे थांबवता आला.

बँड बंद पडला. मैना तेवढी बँडशिवायच नाचत होती. रुपचंद सरांनी माइक तोंडाशी धरला, हातातल्या कागदावरचं वाक्य बघितलं, जे त्यांनी शनिवारी लिहिलं होतं, आणि वाचलं, “दरवर्षीप्रमाणे याही वर्षी मानाचा पहिला क्रमांक आपल्या सर्वांचे लाडके हिलाल आबा.”

टाळ्या पडल्या.

“मी हारनू,” आबा म्हणाले.

टाळ्या वाढल्या.

आबांनी माइक घेतला. “ऐका. घोडी पहिली उनी. सगळ्यांनी पाहिलंय. मी हरलो. फेटा नथ्थूचा.” त्यांच्या तोंडावर जे होतं ते दुःख नव्हतं. एखाद्याला साठाव्या वर्षी पहिल्यांदा ताप यावा आणि थर्मामीटरवर आकडा दिसावा, तसं काहीतरी. खरा आकडा.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, “काय मन शे आबांचं.” बायकांनी डोळ्याला पदर लावले. सरांनी आबांच्या हातून हळूच माइक काढून घेतला आणि सांगितलं की जिंकूनही हरल्याचं म्हणणारा माणूस आता फक्त आपल्याच गावात उरला आहे. फेटा आबांना बांधला. चौघांनी धरून बांधला.

दुसऱ्या दिवशी आबा फेटा आणि नारळ घेऊन नथ्थूच्या घरी गेले, सोबत मी. नथ्थूची बायको मंजुळाबाई दारात उभी.

“नथ्थू कुठे आहे?”

“धुयाले गया, बहीणकडे.”

धुळ्याला गेलेल्याचे पाय आत खाटेखाली दिसत होते.

“नथ्थू, बाहेर ये. तू जिंकलास.”

“मी व्हतूच नही तठे, आबा,” खाटेखालून आवाज आला.

“तुझी घोडी होती.”

“घोडी घरमाच व्हती,” मंजुळाबाई म्हणाली. “तिना पाय दुखस.”

आबा उंबऱ्यावर बसले. आमच्या घराण्यातला माणूस कुणाच्या उंबऱ्यावर बसल्याचं गावाने पाहिलं नव्हतं, म्हणून शेजारच्यांनी दारं लावून घेतली, म्हणजे पाहिलं असं व्हायला नको. “नथ्थू,” आबा म्हणाले, “तू जिंकलास असं म्हण. नुसतं म्हण. तेवढ्याने माझं काम होईल.”

खाटेखालचे पाय आणखी आत गेले. मग नथ्थू म्हणाला, “आबा, मे महिनामा सतरा लग्ने शेतस. बठ्ठा नवरदेव आपलाच गावना.”

आबांना हरवलेल्या घोडीवर त्यातला एकही बसला नसता, हे आबांना सुचायला वेळ लागला. त्यांच्यावर कधी सतरा लग्नांची पाळी आलेली नाही.

घरी काकूने, शेवंताबाईने, ताट वाढता वाढता सांगितलं, “हारानंच व्हतं तं माले सांगानं व्हतं. मी रोज हारावस ना.”

प्रशील मात्र सांगत होता. चहाच्या टपरीवर, कारखान्यात, कुणीही विचारलं तर आणि न विचारलं तरी. “मी वर होतो. मानेने हरलो. काय ते.” इतकी स्वच्छ साक्ष मी आयुष्यात ऐकली नाही. गावाने ती धरली नाही. का धरली नाही हे गाव बोलून दाखवत नाही, पण तो उठून गेला की टपरीवाला त्याचा ग्लास दोनदा विसळतो. शर्यतीचे मोबाइलवरचे व्हिडिओही होते. ते एकेक करून अशा ठिकाणी संपायला लागले जिथे मैना नुकतीच चौकटीत यायची असते.

राहिले पितांबर शेठ. आबांनी त्यांना फोन लावला, स्पीकरवर, मी शेजारी.

“व्याही, आलात ना पहिले?” पितांबर शेठ म्हणाले.

“नाही. हरलो. वरातीच्या घोडीने हरवलं, मानेने.”

मग पितांबर शेठ हसले, आणि हा ठसका नव्हता.

“सात रेस जिंकलेला घोडा, वरातीच्या घोडीकडून? व्याही, आजवर तुम्ही जिंकल्याच्या थापा मारत होतात, ते चालत होतं. आता हरल्याच्या पण मारायला लागलात?”

आबांनी फोन ठेवला. बराच वेळ ते परमिशनच्या गोठ्यात कूलरसमोर बसून होते. दोघांनाही कूलरची गरज नव्हती. मग मला हाक मारली. शिंदखेड्याला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी लोकांचे अर्ज टाइप करून देतो, त्यामुळे घरात मला कायद्याचा माणूस समजतात.

“भूषण, हरलो याचा पुरावा नसेल तर पुढे कधी जिंकलो तरी कोण मानेल?”

हा आबांनी उभ्या आयुष्यात केलेला पहिला बरोबर विचार होता, आणि तो ऐकायला मी आणि एक घोडा. असा काही दाखला मिळतो का ते मी लगेच तहसीलमधल्या ओळखीच्या क्लार्कला विचारून आलो. तो म्हणाला, उत्पन्नाचा दाखला आहे, रहिवासाचा आहे, जातीचा आहे, हयातीचा आहे. हा नाही. “आणि आबा कसे हरतील?” असंही म्हणाला. तो आमच्याच गावचा जावई आहे.

तरी आबांनी अर्ज लिहवला. मी एक शब्द बदलला नाही. आवक-जावकच्या शिक्क्यानिशी तो तहसीलमध्ये पडून आहे, आणि हे छापून येईल तोवर पडूनच असेल. तो असा:

मा. तहसीलदार साहेब यांसी, विषय: अर्जदार हरला असल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदय, वरील विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी आमच्या गावचा कायमचा रहिवासी असून मौजे मजकूर येथील यात्रेतील मानाच्या शर्यतीत माझ्या मालकीचा घोडा ग्रँड परमिशन हा श्री. नथ्थू यांच्या मैना नावाच्या घोडीकडून एका मानेने पराभूत झालेला आहे. सदर पराभव खरा असून तो कोणाच्याही मेहरबानीने झालेला नाही. तथापि समस्त ग्रामस्थ तो मान्य करण्यास तयार नाहीत. तरी मेहेरबान साहेबांनी समक्ष चौकशी करून मला हरल्याचा दाखला द्यावा, तसेच पुढील यात्रेपासून गावातील कोणत्याही इसमाने लिंबापाशी अथवा अन्यत्र माझ्यापुढे लगाम ओढू नये, ओढल्यास त्याच्यावर योग्य ती कारवाई करावी, असे लेखी आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.